दोतोरमामांची बिननावाची गोळी

दोतोरमामा वाटेत भेटलेल्या माणसाला 'कसा आहेस' असं विचारत नसत. "जीब दाखय" म्हणत. आणि माणसं दाखवत! पेडण्याच्या बाजारात मासे घेऊन उभी असलेली बाई, देवळातून बाहेर पडणारा पुरोहित, मोपाच्या विमानतळावर कामाला जाण्यासाठी बसची वाट बघणारे तरणेताठे पुरुष, सगळे मुकाट्याने तोंड उघडून जीभ बाहेर काढत. मामा चष्मा कपाळावर चढवत, जरा वेळ न्याहाळत, आणि निकाल देत, "पोट." याहून वेगळा निकाल त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. केस गळोत, गुडघा दुखो, नवरा-बायकोचं पटेनासं होवो, मूळ पोटात असे. मला या माणसांच्या जिभांपेक्षा त्यांच्या बुद्धीची जास्त काळजी वाटे.

नात्याने ते माझे मामेसासरे, सासूबाईंचे धाकटे भाऊ. दोतोर, म्हणजे डॉक्टर, ते नव्हतेच. उमेदीच्या काळात ते म्हापशाच्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गाडी चालवत आणि पेडण्यापासून डिचोली-वाळपईपर्यंतच्या दुकानांत औषधांची खोकी पोचवत. एवढंच त्यांचं वैद्यकीय शिक्षण. ते मात्र छाती पुढे काढून सांगत, "दोतोर पुस्तकांतून शिकतात. मी खोक्यांतून शिकलो. पुस्तक जुनं होतं, खोकं रोज नवीन येतं." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं, की ते म्हणण्याची संधी मिळावी म्हणून ते डॉक्टरांचा विषय मुद्दाम काढत. ऐकणारे हसत आणि माना डोलवत. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चुकीचं उत्तर ठणकावून देणारं मूल मला दरवर्षी एखादं तरी भेटतं, पण ते मूल निदान सात वर्षांचं असतं.

औषधं ते फुकट देत, आणि त्यांच्या लोकप्रियतेचं हेच खरं कारण होतं. ओळखीच्या दुकानदारांकडून आणलेल्या पट्ट्यांतल्या गोळ्या ते आधीच सोडवून ठेवत आणि कागदाच्या पुडीत बांधून हातावर ठेवत. पुडीवर नाव नसे. कोणी विचारलंच, तर म्हणत, "नाव कशाला हवंय? लग्न करायचं आहे काय तिच्याशी?" पुन्हा हशा. नाव सांगितलं की माणूस घाबरतो, मोबाइलवर बघतो, नाही नाही ते वाचतो आणि गोळी घेत नाही, असा त्यांचा अनुभव होता. गोळी पोटात गेली पाहिजे, बाकी माणसाला काही कळण्याची गरज नाही.

मला ते सहनच होत नसे. त्याचं एक कारण घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी एचआयव्हीसह जगते. कुठून आला, कसा आला, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. नवऱ्याला त्याचा आजार फार उशिरा कळला आणि तो गेला; घरच्यांना न्यूमोनिया एवढंच कळलं. मला वेळेवर कळलं, औषधं सुरू झाली आणि मी राहिले. ही औषधं महिन्याच्या महिन्याला सरकारी केंद्रातून आणायची आणि रोज ठरल्या वेळी घ्यायची. सासूबाईंना मी सांगून ठेवलं होतं, की त्या थायरॉईडच्या गोळ्या आहेत. आमच्या वाड्यावर थायरॉईड सगळ्यांना कळतो. त्याच्याबद्दल कोणाला काही विचारायचं नसतं.

पहिल्या औषधांचा उपयोग होईनासा झाला तेव्हा केंद्रातल्या डॉक्टरांनी माझ्या गोळ्या बदलल्या. नव्या गोळ्यांत रिटोनावीर नावाचं एक औषध होतं. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला समोर बसवून समजावलं. "आपलं यकृत औषधं मोडून शरीराबाहेर टाकत असतं. हे रिटोनावीर यकृताचा तो हात धरून ठेवतं, म्हणजे तुमचं मुख्य औषध रक्तात टिकतं. पण ते दुसरी औषधंही तशीच अडकवून ठेवतं. मग साधी वाटणारी गोळी अंगात साचत जाते आणि विषासारखी वागते. ॲसिडिटी, डोकेदुखी, दमा, झोप, गुडघ्यातलं इंजेक्शन, आयुर्वेदिक चूर्ण, काहीही घेण्याआधी आम्हाला विचारायचं. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी तर उलट होतं, तुमचं औषधच नीट लागू पडत नाही." मी विचारलं, "पॅरासिटामॉल?" त्या म्हणाल्या, "ती चालेल, प्रमाणात."

हे सगळं डोक्यात घेऊन मी घरी आले, तर सोप्यावर मामा बसलेले. "सुनबाय, तोंड उतरलंय तुझं. जीब दाखय." मी दाखवली नाही. तरी पुडी माझ्या हातात आलीच. ॲसिडिटीची असणार, कारण पोट. मी ती न्हाणीघराच्या चुलीत टाकली. पुढे कितीतरी पुड्या त्या चुलीत गेल्या. मामा मात्र सासूबाईंना सांगत, "बघ, सुनेची तब्येत कशी सुधारली! माझ्या गोळ्या नियमान घेता ती." आणि मी पाटावर बसून खोबरं किसत हे ऐकत असे. माझ्या खऱ्या औषधांचं श्रेय या माणसाला जाताना ऐकणं हे मला त्या आजारापेक्षाही अवघड जाई.

मोपाला विमानं उतरू लागली तशी मामांना नवीन विद्या सुचली. विमानाच्या आवाजाने डोक्यातली शीर हलते आणि अर्धशिशी होते, असं ते सांगू लागले. वरून विमान गेलं, की बोलणं थांबवून ते समोरच्याच्या कपाळाकडे बघत. मला अर्धशिशी माहेरपासूनची, विमानांच्या कितीतरी आधीची. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पुरावा विरुद्ध गेला तर ते पुराव्यालाच पोटाचा विकार ठरवत.

त्या वर्षीच्या चतुर्थीला घर भरलेलं होतं. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाली होती, चुलीवर नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, तळणं चालू होतं, आणि धुराने आणि जागरणाने माझं अर्धं डोकं असं ठणकायला लागलं, की भिंत धरून उभी राहिले. मामा पुडी घेऊन हजर. मी त्यांना स्पष्ट विचारलं, "मामा, ही कसली?"

"पॅरासिटामॉल. लहान पोरांक देतत ती."

"नक्की?"

"तुका खोटं सांगून माका काय मिळता गे?"

पॅरासिटामॉल मला चालत होती. मी घेतली. डोकं खरंच उतरलं. संध्याकाळी पुन्हा दुखलं, पुन्हा घेतली. दुसऱ्या दिवशीही त्यांनी आग्रहाने दिली, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुळापासून काढायची अर्धशिशी." गणपतीचं विसर्जन व्हायच्या आतच माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग पाय गार पडले. दुपारी जेवणाच्या पंगतीत वाढताना डाव्या पायात अशी कळ आली, की हातातली डाळीची कासंडी पानावर कलंडली. बोटं निळसर दिसत होती. मामांनी पाय हातात घेऊन पाहिला. "रक्त कमी झालंय," म्हणाले, आणि कापूर घातलेलं खोबरेल गरम करायला सांगितलं. म्हणाले, "पोटात वात धरला की तो पायात उतरतो." निळ्या पडलेल्या पायात त्यांना पोट दिसलं! माझ्या चुलत दिराने त्यांना बाजूला सारलं आणि मला गाडीत घालून इस्पितळात नेलं. सासूबाई आणि मामा मागे बसून आले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या पावलावर बोटं ठेवली, घोट्यापाशी ठेवली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "नाडी लागत नाही. कुठली औषधं घेता?"

माझ्यासमोर सासूबाई, दीर आणि मामा उभे होते. थायरॉईड हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण पाय थंडगार होता आणि डॉक्टर वाट बघत होत्या. मी म्हटलं, "मी एचआयव्हीची औषधं घेते. त्यात रिटोनावीर आहे."

 सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांना मात्र सासूबाईंशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी लगेच विचारलं, "त्याशिवाय? डोकेदुखीसाठी काही?"

"पॅरासिटामॉल. यांनी दिली."

"पॅरासिटामॉलने असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि मामांकडे वळल्या. "काय दिलंत?"

"पॅरासिटामॉलच," मामा म्हणाले.

मी आयुष्यात कोणाचा इतका तिरस्कार केला नसेल. माझा पाय मरत होता आणि हा माणूस आपला मान सांभाळत होता. मी ओरडले, "मामा, नाव सांगा! पाय जाईल माझा!" सासूबाई भावाला म्हणाल्या, "सांग रे बाबा. आतां तरी सांग." तेव्हा त्यांनी खाली मान घालून अर्धशिशीवरच्या एका जुन्या गोळीचं नाव सांगितलं. उच्चार अगदी अचूक होता. खोक्यावर वाचलेलं असणार.

ती गोळी रक्तवाहिन्या आवळते. एरवी यकृत तिला मोडून टाकतं. माझ्या रिटोनावीरने ते होऊ दिलं नाही, गोळी साचत गेली आणि पायांच्या रक्तवाहिन्या आवळत गेल्या. डॉक्टरांनी दोन्ही औषधं थांबवली, सलाईन आणि रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं लावली, आणि मला मोठ्या इस्पितळात पाठवलं. पाय वाचला. डाव्या पायाची करंगळी गेली. एचआयव्हीच्या डॉक्टरांनी सगळं बघून मला वेगळी औषधं सुरू केली, रिटोनावीर नसलेली.

इस्पितळात मामा रोज येत. मला वाटलं होतं, माफी मागायला येत असतील. पहिल्या दिवशी ते माझ्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची जीभ बघत बसले. नर्सने त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "तू थायरॉईड सांगितलंस म्हणून झालं हे. खोटं तू बोललीस."

मी म्हटलं, "मी माझा आजार लपवला, मामा. तुम्ही माझ्या तोंडात घातलेली गोळी लपवलीत. मी खरं सांगितलं असतं, तर घरात ठेवलं असतंत मला?"

 ते म्हणाले, "तुझ्या सासूने कपबशी वेगळी काढलीय तुझी. चुलीच्या मागे ठेवलीय." आणि उठून गेले. एवढीच त्यांची माफी. मला ती तेव्हाही पुरली नव्हती आणि आजही पुरत नाही.

मी घरी आले तर खरोखरच कपबशी वेगळी होती. मामा आले, सासूबाईंनी दिलेला चहा त्यांनी बाजूला ठेवला आणि माझ्या हातातला अर्धा कप काढून घेऊन भुरके मारत संपवला. सासूबाई बघत राहिल्या. "काय बघतंस?" मामा म्हणाले. "चहातून लागत असता तर खोक्यावर लिहिला असता." आजाराचं खोकं कुठे येतं हे मी विचारलं नाही. तेव्हा मला त्यांचा राग नव्हता असं नाही. उष्टा चहा पिऊन माणूस करंगळीची भरपाई करू पाहतो, हा हिशेब मला हास्यास्पद वाटला होता. पण दुसऱ्या दिवसापासून कपबशी पुन्हा फळीवर आली.

यानंतर त्यांनी जे केलं ते मात्र त्यांनाच शोभणारं होतं. त्यांनी ही सगळी हकिकत बाजारात सांगितली, आणि तीत रोग ओळखणारे तेच होते! "डॉक्टरीण घाबरली. मी गोळीचं नाव सांगितलं तेव्हा तिला उजेड पडला." हे ऐकून मी इतकी संतापले, की त्यांना सोप्यावर येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. त्यांच्या बढाईपायी माझं गुपित पेडणे तालुक्यात कोणाकोणाला कळलं असेल हे मोजायला मला धीर झाला नाही. थोड्याच दिवसांत शाळेत पालकांनी सभा मागितली. मला कायद्याने काढता येत नव्हतं, हे मुख्याध्यापकांना माहीत होतं. पण मुलांची नावं काढून न्यायला कोण अडवणार?

सभेला मामा न बोलावता आले. एक पालक उठून म्हणाला, आम्हाला बाईंबद्दल काही म्हणायचं नाही, पण लहान मुलांचा प्रश्न आहे. मामा लगेच उभे राहिले. "हा आजार हवेन लागत नाही. स्पर्शान लागत नाही. डासान लागत नाही. जेवणान लागत नाही." इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मला आश्चर्य वाटायला लागलं होतं. मग ते म्हणाले, "हा पोटाचा आजार." मी कपाळावर हात मारला. ते पुढे बोलतच होते. "बाई पोरांक पाढे शिकवता, रक्त देत नाय. आणि ह्या आजाराचं माणूस गोळ्या नियमान घेता, तुमच्यासारखं दारू पिऊन गोळी चुकवत नाय. तुमची पोरं तिच्याकडेच सुरक्षित." ज्याला हे लागलं तो खाली बसला. बाकीचे हसले. दोन मुलं तरीही दुसऱ्या शाळेत गेली. उरलेली राहिली, आणि सोमवारी मी नेहमीसारखी वर्गावर गेले. घरी येताना मी त्यांना सांगितलं, की तुमच्या भाषणात एक वाक्य धडधडीत चुकीचं होतं. ते म्हणाले, "भाषण पडलं काय?"

पुड्या बांधणं त्यांनी सोडलं नाही. असल्या माणसांना अद्दल घडत नसते. पण एक फरक झाला. पुडी द्यायच्या आधी ते दरडावून विचारू लागले, "दुसरं काय घेतोस? खरं सांग. माझ्या सुनेचं बोट गेलं." कोणी साखरेच्या, रक्तदाबाच्या, कसल्याही गोळ्यांचं नाव काढलं, की ते पुडी परत खिशात ठेवत आणि म्हणत, "तू मग खऱ्या दोतोराकडे जा." आमच्या भागात आता चाळिशीपुढचा प्रत्येक जण काही ना काही घेतो. त्यामुळे मामांचा दवाखाना आपोआपच बसला. जिभा मात्र ते बघत राहिले.

मामी गेल्यावर मुलीने त्यांना फोंड्याला नेलं. मी अधूनमधून रविवारी जात असे. एकदा त्यांना सांगितलं, की हाडांसाठी डॉक्टरांनी मला कॅल्शियम दिलंय, पण माझ्या नव्या गोळीबरोबर ते उपाशीपोटी घ्यायचं नाही. मामा खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "कॅल्शियम म्हणजे दूध. दूध म्हणजे अन्न. अन्नाने कोणाची गोळी अडलीय?"

"अडते, मामा. कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं. ती रक्तात पोचत नाही. जेवणाबरोबर दोन्ही घेतली तर चालतं, नाहीतर मध्ये अंतर ठेवावं लागतं."

"मग दूध बंद कर!"

"दुधाचा प्रश्न नाही हा!"

आमचे आवाज चढले. त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून आली आणि मला हळूच म्हणाली, "वहिनी, हो म्हण गे. बरं नसतं त्यांना." मी हो म्हटलं नाही. मामा दम लागेपर्यंत भांडले. मी निघाले तेव्हा चप्पल घालताना त्यांनी मला हाक मारली. "बाकी सगळे हो हो म्हणतात माका. मेल्यातच जमा धरलाय. तू भांडतंस ते बरं. पुढच्या रविवारी ये, आपण हे पुरं करूया."

आठवडाभर मी तयारी केली. गोळ्या आणायला केंद्रात गेले तेव्हा डॉक्टरांना पुन्हा खोदून विचारलं, नक्की कसं अडतं, लोहाच्या गोळीनेही तसंच होतं का, दुधाचं काय. त्यांना वाटलं मी फार जागरूक रुग्ण आहे. कसं बोलायचं, मामा काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन, हे सगळं मी शाळेतून चालत येताना मनात घोळवून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी फोंड्याहून फोन आला, मामा झोपेतच गेले.

रविवारी मी फोंड्याला गेले. अंगणात माणसं जमली होती आणि जो तो सांगत होता, की मामांच्या हाताला कसा गुण होता. मी कोणाचंही बोलणं खोडलं नाही. आत जाऊन त्यांच्या मुलीजवळ बसले. ती रडत होती, मीही रडले. पण कॅल्शियमबद्दल माझंच बरोबर होतं.